मॉडेल विमानाच्या इंजिनावरचा तपकिरी थर घासून का निघत नाही?

मॉडेल विमानं आता बहुतेक सगळी विजेवर उडतात. बॅटरी लावायची, रिमोटचा काटा सरकवायचा, झालं. त्याआधीच्या काळातली छोटी इंजिनं केव्हाच माळ्यावर गेली होती. आता दिवाळीच्या आवराआवरीत, किंवा सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली म्हणून घर रिकामं करताना, ती एकेक करून खाली यायला लागली आहेत. कुणाचे बाबा कॉलेजात असताना एनसीसीच्या एअर विंगला होते, कुणाच्या मामांनी हौसेनं ओ.एस. या जपानी कंपनीचं इंजिन मागवलं होतं. डबा उघडला की आतलं दृश्य बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. पंखा हलत नाही. इंजिनाच्या अंगावर, विशेषतः धूर बाहेर पडतो त्या बाजूला, तपकिरी, चकचकीत, नखानं खरवडूनही न निघणारा थर असतो.

मग प्रश्न येतो, "याला काय लावू?" आणि पुण्यात सल्ल्याला तोटा नाही. पेट्रोल, रॉकेल, थिनर, चिंच, शीतपेय, कॉस्टिक सोडा, टॉयलेट क्लीनर. यातले काही उपाय निरुपयोगी आहेत आणि एकदोन असे आहेत की रात्रभरात इंजिन कायमचं खराब होईल. इतकी चुकीची उत्तरं येतात याचं कारण एकच. सगळे त्या थराला मळ समजतात. तो मळ नाही. रसायनशास्त्राच्या भाषेत तो अक्षरशः रंगाचा हात आहे, भट्टीत भाजून पक्का केलेला.

हे इंजिन चालतं कशावर?

या इंजिनांना ग्लो इंजिन म्हणतात. स्कूटरच्या इंजिनात स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. इथे ठिणगी नसते. हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणात, बसवलेल्या ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या तारेचं एक इवलंसं वेटोळं असतं. सुरू करताना दीड व्होल्टच्या बॅटरीनं ते लाल करायचं, इंजिन पकडलं की बॅटरी काढून घ्यायची. पुढे मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागली की तिथे उष्णता तयार होते, आणि प्रत्येक स्फोटाची धगही मिळते, त्यामुळे तार स्वतःहून लाल राहते. अमेरिकेत रे आर्डेन यांनी १९४७ साली हा प्लग बाजारात आणला, आणि मॉडेल विमानातून ठिणगीची कॉइल, बॅटरी, वायर असं सगळं ओझं एका झटक्यात उतरलं.

इंधन म्हणजे मुख्यतः मिथेनॉल, ताकदीसाठी थोडं नायट्रोमिथेन आणि साधारण एक पंचमांश तेल. तेल इंधनातच मिसळलेलं असतं, कारण या इंजिनांना तेलाची वेगळी टाकी नसते. २५० मिलीची टाकी संपवली तर त्यातलं सुमारे ५० मिली तेल इंजिनातून जातं आणि बहुतेक सगळं न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडतं. उड्डाणानंतर विमानाचं पोट का पुसावं लागतं, ते यावरून कळेल. मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेणाऱ्या, मुठीत मावणाऱ्या इंजिनाला वंगण हवंच, आणि आतली उष्णता बाहेर घेऊन जायला कुणीतरी हवं. ही दोन्ही कामं तेच तेल करतं.

तेल एरंडीचंच का?

इथे थोडं थांबू, कारण सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे.

पहिल्या महायुद्धातल्या विमानांना नोम, ल रोन अशी रोटरी इंजिनं होती. त्यात क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, स्थिर आणि अख्खं इंजिनच पंख्यासोबत गरगर फिरायचं. त्यांना एरंडेल लागायचं. कारण? एरंडेल पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. क्रँककेसमधून, म्हणजे त्या दांड्याभोवतीच्या कवचातून, पेट्रोलची वाफ जात असतानाही ते धातूवरून धुऊन जात नसे. वैमानिक दिवसभर एरंडेलाचा धूर गिळायचे, आणि त्यांच्या पोटाच्या तक्रारींचे किस्से विमानवेडे लोक अजून चवीनं सांगतात. कॅस्ट्रॉल हे नावही या तेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलं आहे.

मॉडेलच्या इंजिनात कारण बरोबर उलटं आहे. इथे तेल इंधनात विरघळायला हवं. खनिज तेल मिथेनॉलमध्ये मिसळतच नाही, वेगळं होऊन तळाशी बसतं. एरंडेल मात्र मिथेनॉलमध्ये छान विरघळतं. पेट्रोलशी फटकून आणि अल्कोहोलशी गोडीनं वागणारं वनस्पती तेल तसं विरळाच.

यामागे त्याच्या रेणूची घडण आहे. कोणत्याही खाद्यतेलाच्या रेणूला तीन लांब शेपट्या असतात. एरंडेलातल्या दहापैकी जवळजवळ नऊ शेपट्या एका खास प्रकारच्या असतात. अठरा कार्बनच्या त्या साखळीत बाराव्या कार्बनवर ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक जोडी लटकलेली असते. मिथेनॉलच्या रेणूतही तशीच जोडी असते, म्हणून दोघांचं जमतं. त्याच जोडीमुळे एरंडेल धातूला घट्ट चिकटतं आणि घट्ट वाहतं. मिश्रणात इंधन कमी आणि हवा जास्त झाली, इंजिन बेसुमार तापलं, तरी एरंडेल धातूवरून हटत नाही. बाकी तेलं जिथे जळून जातात तिथे ते टिकून राहतं. असं चिवट तेल मिळवायला आपल्याला लांबही जावं लागत नाही. जगातली बहुतेक एरंडी भारतात पिकते आणि त्यातली बहुतेक गुजरातेत.

पण जळून जात नाही म्हणजे ते जातं कुठे? कुठेच नाही. तिथेच बसतं आणि बदलतं.

तेलाचं रोगण कसं होतं?

घरातल्या लोखंडी कढईचा बाहेरचा भाग आठवा. कडेखाली, कानांच्या आजूबाजूला. तेल ओघळतं, तापतं, पुन्हा ओघळतं, पुन्हा तापतं. काही महिन्यांत तिथे आधी पिवळसर चिकट, मग तपकिरी, मग जवळजवळ काळा कडक पापुद्रा जमतो. भांड्याच्या साबणानं तो हलतही नाही. इंजिनावर घडतं ते हेच, फक्त एरंडेल या कामात खाद्यतेलांपेक्षा जास्त वाकबगार आहे.

उष्णता लागली की बाराव्या कार्बनवरची ती जोडी शेजारचा एक हायड्रोजन घेऊन पाणी होऊन निघून जाते. मागे शेपटीत एक नवा दुहेरी बंध तयार होतो. एक आधीपासून होताच. आता असे दोन-दोन बंध जवळजवळ आले की हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं एका रेणूची शेपटी दुसऱ्याच्या शेपटीत गुंतते, दुसऱ्याची तिसऱ्यात. सुटे रेणू जाऊन एक सलग जाळं तयार होतं. अशा जोडलेल्या जाळ्याला पॉलिमर म्हणतात.

रंगाच्या कारखान्यात हीच क्रिया मुद्दाम घडवतात. एरंडेलातलं पाणी काढून टाकून जे तेल मिळतं ते जवसाच्या तेलासारखं हवेत वाळतं, आणि त्यापासून रंग आणि वॉर्निश बनतात. आपण तेच काम इंजिनाच्या फिन्सवर (उष्णता बाहेर सोडणाऱ्या पातळ पट्ट्यांवर), दर रविवारी, पातळ थर देऊन देऊन करत असतो.

काळा थर आणि तपकिरी थर यांत गल्लत करू नका. पिस्टनच्या डोक्यावर आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी कोरडा, काळा, टिकल्या-टिकल्यांनी निघणारा जो असतो तो कार्बन. बाहेरच्या फिन्सवर, सायलेन्सरवर आणि लायनरच्या (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीच्या) वरच्या भागात पारदर्शक, पिवळट ते गडद तपकिरी आणि चमकणारा असतो तो हे वॉर्निश. दोघांचे उपाय वेगळे आहेत.

मग थिनरनं का निघत नाही?

विरघळणं म्हणजे रेणू एकेक करून सुटा होणं आणि द्रवात मिसळणं. ताज्या एरंडेलाचे रेणू सुटेच असतात, म्हणून उड्डाणानंतर लगेच स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं की इंजिन लख्ख होतं. भाजलेल्या थरात सुटा रेणू उरलेलाच नसतो. सगळे एकमेकांत गुंतलेले. थिनर, ॲसिटोन, कार्बोरेटर क्लीनर, काहीही ओता, फार तर वरचा अर्धाकच्चा भाग निघेल आणि खालचा थर किंचित फुगेल. थिनर उडून गेला की तो पुन्हा पहिल्यासारखा.

पेट्रोल तर दोनदा नापास. भाजलेलं एरंडेल त्यात विरघळणार नाहीच, पण ताजंही नीट विरघळत नाही. गॅरेजमध्ये पेट्रोलनं सगळं साफ होतं कारण तिथलं ग्रीस आणि ऑईल खनिज तेलाचं असतं. तिथला अनुभव इथे लागू पडत नाही, मेकॅनिक कितीही जाणकार असो.

"कॉस्टिकनं तासाभरात निघतं, मी स्वतः पाहिलंय"

बरोबर पाहिलंत. कॉस्टिक सोडा त्या जाळ्याचे दुवे तोडून त्याचा साबण करतो, त्यामुळे थर निघतो यात शंका नाही. पण इंजिनाची क्रँककेस, हेड, कार्बोरेटरची बॉडी, सायलेन्सर आणि बऱ्याच इंजिनांत पिस्टनसुद्धा ॲल्युमिनियमचा असतो. कॉस्टिक ॲल्युमिनियमलाही खातो. बुडबुडे येतात ते मळ निघाल्याचे नसतात. धातू विरघळत असतो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटत असतो, तोही पेट घेणारा. बाहेर काढल्यावर इंजिन काळपट राखाडी आणि खडबडीत दिसतं. ते नुसतं दिसण्यापुरतं राहिलं तर एक वेळ चालेल. पण बेअरिंगची बैठक किंवा स्क्रूचे आटे खाल्ले गेले तर तो धातू परत आणता येत नाही. ओव्हन साफ करायच्या फवाऱ्यात बहुधा हाच सोडा असतो. डिशवॉशरची पावडर आणि धुण्याचा सोडाही त्याच कुळातले, फक्त सौम्य. तेही गरम पाण्यात ॲल्युमिनियम काळं पाडतात.

टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते ॲल्युमिनियम खातं, स्टीलच्या लायनरवर गंज आणतं आणि तेलाच्या थराला विशेष काही करत नाही. म्हणजे तोटा सगळा, फायदा शून्य. चिंच आणि लिंबू पितळेवरचा ऑक्साईडचा काळेपणा काढतात. देवाची समई चिंचेनं उजळते ती त्यामुळे. पण आपला थर ऑक्साईड नाही, तेल आहे. शीतपेयाचंही तेच, आत साखर उरते ती वेगळीच.

इंजिन जाम आहे, ते आधी सोडवायचं की आधी साफ करायचं?

आधी सोडवायचं. पण त्याआधी ते खरंच जाम आहे का ते बघा. एबीसी नावाचा एक प्रकार आहे. ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळेचा लायनर, लायनरला आतून क्रोमचा मुलामा. त्याचा लायनर वरच्या टोकाला मुद्दाम किंचित निमुळता ठेवलेला असतो. थंड असताना पिस्टन अगदी वर गेला की चिमटीत धरल्यासारखा अडकतो, कधी चूंचूं आवाजही करतो. ही त्याची प्रकृती आहे. चालू होऊन तापलं की पितळ पिस्टनपेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि जागा मोकळी होते. कोरं करकरीत इंजिनही असंच वागतं, त्याला जाम समजू नका.

खरोखर जाम असेल तर आत एरंडेलाचा डिंक झालेला असतो. प्लग काढा, प्लगच्या भोकातून आणि एक्झॉस्टमधून थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी निथळून, पूर्ण वाळवून, मगच उष्णता. हे मुद्दाम सांगतोय. अल्कोहोलची वाफ भरलेल्या सिलिंडरवर हीट गन धरणं म्हणजे ग्लो प्लगविनाच इंजिन सुरू करणं.

हीट गन नसेल तर केस वाळवायच्या ड्रायरनंही बऱ्याचदा भागतं. बाहेरची केस सगळीकडून सारखी तापवायची. पाण्याचा थेंब टाकल्यावर चुर्र झालं की पुरे. एका अंश तापमानवाढीला ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे केस आतल्या शाफ्टपासून किंचित सुटते आणि डिंकही मऊ होतो. जाड हातमोजे घालून पंखा लावलेलाच ठेवून हातानं हलवा. हलवा म्हणजे फिरवा नव्हे. अर्धा मिलिमीटर पुढे गेला की तेवढाच मागे आणायचा, पुन्हा पुढे. जिथे अडतं तिथे जोर लावला तर वाकतो तो आतला कनेक्टिंग रॉड, आणि तो बोटाएवढाही नसतो. शाफ्टला पक्कड लावू नका. एक्झॉस्टच्या खिडकीतून पिस्टनला स्क्रू ड्रायव्हरनं ढकलू नका. त्या एका ओरखड्यानं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब धरून ठेवण्याची ताकद, जातं.

कूलंटमध्ये शिजवायचं, म्हणजे नेमकं काय?

जगभरच्या हौशी लोकांनी ठरवलेला, आणि मलाही सगळ्यांत पटलेला उपाय म्हणजे गाडीच्या रेडिएटरमध्ये घालायचं कूलंट. त्यात मुख्यतः एथिलीन ग्लायकॉल असतं. त्याच्या लहानशा रेणूला ऑक्सिजन-हायड्रोजनच्या दोन जोड्या असतात, म्हणजे एरंडेलाच्या ओळखीतलाच. गरम असताना तो जाळ्याच्या आत शिरतो, थर फुगतो आणि धातूवरची पकड सोडतो. दुसरा फायदा असा की कूलंट मुळात ॲल्युमिनियमच्या इंजिनासाठीच बनवलेलं असतं. त्यात धातू न खाण्याची औषधं घातलेली असतात. म्हणून नुसतं ग्लायकॉल आणण्यापेक्षा कूलंट बरं, आणि तेही नवं. गाडीतून काढलेलं जुनं कूलंट आम्लधर्मी झालेलं असतं.

दुकानात मिळणारं बहुतेक कूलंट पाणी मिसळून तयार केलेलं असतं. कॉन्सन्ट्रेट मागा. ग्लायकॉल जितकं जास्त तितकं काम बरं होतं.

इंजिन पूर्ण सुटं करा. कार्बोरेटर बाजूला, रबरी ओ-रिंग, कागदी गॅस्केट आणि प्लॅस्टिकचं काहीही असेल ते बाजूला. प्रत्येक टप्प्यावर मोबाईलनं फोटो काढा. लायनर कुठल्या बाजूनं बसला होता, हेडखाली पातळ चकत्या किती होत्या, हे उद्या आठवत नाही. जुन्या जपानी इंजिनांच्या फुली असलेल्या स्क्रूंना आपला नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर नीट बसत नाही, घसरतो आणि डोकं खातो. त्यांचा घाट वेगळा असतो, त्याला जपानी मापाचा बिट लागतो. रंगीत मुलामा दिलेले भाग, सोनेरी-लाल टाक्या आणि हेड, कूलंटमध्ये टाकू नका, रंग उडतो.

भांडं? परदेशात स्लो कुकर वापरतात. आपल्याकडे तो ऑनलाइन मिळतो. जुना राइस कुकर वापरावा असं वाटेल, पण त्याची कळ पाणी संपून तापमान शंभराच्या वर गेलं की उडते, त्यामुळे घट्ट कूलंटमध्ये तो मध्येच 'वॉर्म'वर जाऊन बसतो. इंडक्शन शेगडी सगळ्यांत कमी आचेवर, जुनं स्टीलचं पातेलं आणि एक थर्मामीटर, हेही चालतं. ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान ठेवा. उकळवायचं नाही. गॅसवर तर अजिबात नाही, कारण ग्लायकॉलची वाफ १११ अंशांच्या आसपास पेट घेण्याजोगी होते. आणि जागा स्वयंपाकघर नव्हे. गच्ची, बाल्कनी, नाहीतर पार्किंगचा कोपरा.

पहिले एकदोन तास काहीच होत नाही आणि माणूस निराश होतो. मग कूलंटचा हिरवा रंग मळकट व्हायला लागतो. तीन-चार तासांनी चिमट्यानं केस बाहेर काढून फिन्सच्या खाचेत बांबूची काडी फिरवली की फरक कळतो. सकाळी काचेसारखा टणक असलेला थर आता मऊ, रबरी झालेला असतो. काडीपुढे त्याची गुंडाळी होते आणि खालून मंद रुपेरी धातू दिसतो. जिथे नुसता पिवळा रंग होता तिथे काही करावंही लागत नाही. एक्झॉस्टच्या मुळाशी, जिथे सर्वांत जास्त ताप असतो, तिथला काळपट भाग मात्र पहिल्या फेरीत हटत नाही. तो रात्रभर ठेवायचा, नाहीतर दुसरी फेरी. मऊ झालेला थर टूथब्रशनं निघतो. खाचांसाठी पितळेच्या तारांचा बारीक ब्रश घ्या, पुण्यात बोहरी आळीत मिळतो. तो फक्त बाहेरच्या अंगाला. लायनरच्या आत आणि पिस्टनच्या बाजूंना कुठलाही ब्रश, घासणी किंवा पॉलिश पेपर लागता कामा नये.

नंतर गरम पाणी आणि भांड्याचा साबण, लगेच ड्रायरनं कोरडं, लगेच तेल. "लगेच" दोनदा लिहिलं आहे कारण पुण्याच्या जुलैमध्ये धुतलेला स्टीलचा लायनर चहा पिऊन येईपर्यंत तांबूस व्हायला लागतो. बेअरिंग शिजवलं असेल तर धुऊन, वाळवून बोटावर फिरवून बघा. करकर लागली तर नवं घाला.

"पण कूलंट विषारी असतं ना?"

हो, आणि हे एका ओळीत उरकण्यासारखं नाही. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं, त्याचे खडे मूत्रपिंडात साचतात आणि मूत्रपिंड बंद पडतं. मोठ्या माणसाला १०० मिलीच्या आसपास जिवावर बेतू शकतं, मुलाला किंवा मांजराला त्याहून खूपच कमी. २०२२ साली गांबियात मुलं दगावली तेव्हा कफ सिरपमध्ये हेच आणि याचं भावंड, डायएथिलीन ग्लायकॉल, सापडलं होतं.

म्हणून ज्या भांड्यात कूलंट तापवलं ते परत अन्नाकडे जायचं नाही. त्यावर ऑईलपेंटनं मोठ्या अक्षरांत "विष" लिहून टाका. भांडं उघडं टाकून झोपायला जायचं नाही, सोसायटीतली मांजरं रात्रीच फिरतात. वापरलेलं कूलंट गाळून, झाकण घट्ट लावून, चिठ्ठी चिकटवून पुढच्या इंजिनासाठी ठेवता येतं. संडासात, गटारात, ओढ्यात ओतायचं नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉलचं कूलंट मिळालं तर ते घ्या, ते बरंच कमी विषारी असतं.

मिथेनॉललाही हेच नियम. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, ते मिथेनॉलच होतं. इंधन पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. करू नका.

सगळं तपकिरी काढलंच पाहिजे का?

नाही, आणि इथे माझं मत बऱ्याच उत्साही मंडळींपेक्षा वेगळं आहे. फिन्सवरचा जाड थर काढावा, कारण तो उष्णता अडवतो आणि इंजिन जास्त तापतं. एबीसी लायनरच्या वरच्या टोकाला थर साचून पिस्टन घट्ट झाला असेल, उड्डाणात मध्येच दम टाकत असेल, तर तोही काढावा. पण लोखंडी पिस्टन आणि स्टील लायनरच्या जुन्या इंजिनांत झिजलेल्या जागा कधीकधी या वॉर्निशनंच भरलेल्या असतात. ते चकाचक केलं की इंजिन सुंदर दिसतं आणि कॉम्प्रेशन गायब होतं. अशा इंजिनाचा पंखा फिरवून कॉम्प्रेशन चांगलं लागत असेल तर आतल्या थराला हात लावू नका, बाहेरून साफ करा आणि चालवा. पिस्टनच्या डोक्यावरचा पातळ कार्बनही राहू द्या. फारच जाड असेल तर आइस्क्रीमच्या काडीनं खरवडा.

मग एरंडेल सोडून सिंथेटिक तेल का नाही?

बरेच जण तेच वापरतात, आणि त्यांची इंजिनं स्वच्छ राहतात. या तेलांचं जाळं होत नाही, तापमान फार वाढलं की ती जळून निघून जातात. त्यांचा गुण तोच त्यांचा दोष. कार्बोरेटरमधली इंधन कमीजास्त करणारी सुई चुकून जास्त आवळली गेली, इंधन कमी पडून इंजिन तापलं, की ऐन गरजेच्या वेळी तेल धातूवर नसतं. म्हणून तयार इंधनात बहुतेकदा सिंथेटिकमध्ये थोडं एरंडेल मिसळलेलं असतं. जुन्या लोखंडी पिस्टनच्या इंजिनाला मी तरी एरंडेल जास्त असलेलंच इंधन देईन आणि तपकिरी रंग सहन करीन.

ताजं असताना पुसलं तर थर साचतही नाही. दिवसाच्या शेवटी टाकी रिकामी करा, नळी काढून इंजिन आतलं इंधन संपेपर्यंत चालू द्या. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि नायट्रोमिथेनच्या ज्वलनातून थोडं आम्ल उरतं. हे दोन्ही बेअरिंगमध्ये राहिले की पावसाळ्यात गंज ठरलेला. कार्बोरेटरमधून आणि प्लगच्या भोकातून शिलाई मशिनच्या तेलाचे चार थेंब सोडा, पंखा हातानं फिरवा, बाहेरून स्पिरिटचा बोळा फिरवा.

जुनं इंजिन विकत घेताना

जुन्या बाजारात किंवा कुणाच्या संग्रहातून इंजिन घ्यायची वेळ आली तर बहुतेक लोक चकचकीत उचलतात आणि तपकिरी ठेवून देतात. मी उलट करतो. जाड तपकिरी थर म्हणजे ते इंजिन एरंडेलावर चाललं आहे, आणि त्याच थरानं आतलं लोखंड गंजापासून वाचलं असण्याची शक्यता बरीच असते. जाम असणं ही तर किंमत पाडून घ्यायची संधी. त्याऐवजी बघायचं ते हे: फिन्स तुटलेल्या नाहीत ना, स्क्रूंची डोकी खाल्लेली नाहीत ना, एक्झॉस्टच्या खिडकीतून मोबाईलचा टॉर्च मारल्यावर पिस्टनवर उभे ओरखडे दिसतात का, आणि मागच्या झाकणाच्या कडेला तांबूस गंजाचा ओघळ आहे का. धातू मंद राखाडी, खडबडीत आणि संशयास्पद स्वच्छ दिसत असेल तर विकणाऱ्याला विचारा, कशानं धुतलं होतं? "सोडा" असं उत्तर आलं तर इंजिन त्याच्या हातात परत द्या.